खाडीकाठची गावे, संकासुराची टोपी आणि एक बोली

इ. स. १७५५ च्या एप्रिल महिन्यात कमोडोर विल्यम जेम्स याने हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग जिंकला. तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांनी मिळून काढलेली ती मोहीम होती. मराठी आरमाराच्या अस्ताची सुरुवात म्हणून आपल्याकडचे इतिहासकार तिच्याकडे पाहतात. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात अटलांटिकच्या पलीकडे, आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशियात, ब्रिटिशांनी आणखी एका किनारी समाजाला हात घातला. शंभर-दीडशे वर्षे तेथे शेती आणि मासेमारी करून राहिलेल्या फ्रेंच भाषकांना, म्हणजे अकेडियनांना, गावांतून उठवून जहाजांवर चढवण्यात आले. पुढच्या सात-आठ वर्षांत दहा हजारांहून अधिक माणसे अशी देशोधडीला लागली. त्यांतली काही भटकत भटकत लुइझियानाच्या दलदलीच्या प्रदेशात पोहोचली आणि तेथेच स्थिरावली. 'अकेडियन' या शब्दाचा उच्चार झिजत झिजत 'केजन' झाला.

या दोन घटनांत कार्यकारणाचा धागा जोडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु रत्नागिरीत राहून लोकसंस्कृती हा विषय शिकवताना केजन गावांविषयी जे जे वाचनात येते, ते वाचून आपल्या खाडीकाठच्या गावांकडे पाहण्याची एक वेगळी रीत सापडते, असा आमचा अनुभव आहे. तिकडेही भात आणि पाण्यातले जीव हाच आहार. तिकडेही नदी, दलदल आणि समुद्र यांच्या सीमारेषा भरती-ओहोटीबरोबर सरकणाऱ्या. आणि तिकडेही गावाची ओळख विचारली की आधी गाणे पुढे येते. भाषेचे नाव मागाहून येते, किंवा येतच नाही.

लुइझियानात भाषेचे काय झाले, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १९२१ च्या राज्यघटनेने तेथील शाळांमधून इंग्रजीखेरीज अन्य भाषेत शिकवणे बंद केले. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत. 'मी फ्रेंच बोलणार नाही' हे वाक्य पाटीवर शेकडो वेळा लिहून काढल्याच्या आठवणी त्या पिढीने पुढे नोंदवून ठेवल्या आहेत. त्यातच १९०१ मध्ये जेनिंग्ज गावाजवळ खनिज तेल सापडले होते, आणि तेलाच्या विहिरींवर इंग्रजी येणाऱ्याला रोजगार होता. आपल्या मुलाला आपल्यासारखी शिक्षा नको, त्याला नोकरी मिळावी, एवढ्या साध्या आणि समजण्याजोग्या कारणासाठी आईबापांनी घरातली भाषा मुलांपासून दूर ठेवली. १९६४ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ड्यूई बॅल्फा आणि त्यांचे साथीदार वाजवून आले. बाहेरच्यांनी टाळ्या वाजवल्यावर घरच्यांना आपल्या फिडलची किंमत कळली. १९६८ मध्ये राज्यसरकारने फ्रेंचच्या संवर्धनासाठी स्वतंत्र मंडळही स्थापन केले. परंतु तोवर एक पिढी निसटली होती. आज तेथे संगीत आहे, गंबो आहे, उत्सव आहेत, पर्यटकही आहेत. फ्रेंचमध्ये भांडणारी, हिशेब करणारी, लहान मुलाला रागावणारी माणसे मात्र बहुतांशी वृद्ध आहेत.

आपल्याकडे असा कायदा कोणी केला नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बहुतेक शाळा पहिल्यापासून मराठीच होत्या. आणि तरीही बाणकोटपासून जैतापूरपर्यंत प्रवास करताना हाच प्रश्न वेगळ्या वेषात समोर येतो.

हा प्रवास उत्तरेकडून करावा. सावित्रीच्या मुखाशी असलेले बाणकोट आज एक पेंगुळलेले गाव वाटते. पण १७५६ च्या तहाने ते कंपनीकडे गेले, त्याच्या किल्ल्याचे 'फोर्ट व्हिक्टोरिया' असे नामकरण झाले (व्हिक्टोरिया राणीचा जन्म व्हायला तेव्हा साठाहून अधिक वर्षे अवकाश होता), आणि पेशवाईच्या अखेरीनंतर दक्षिण कोकणचा कारभार काही काळ येथूनच चालला. १८२२ मध्ये मुख्य ठाणे रत्नागिरीस हलवले गेले आणि बाणकोट मागे पडले. जिल्ह्याच्या बोलींपैकी एकीला मात्र त्याचे नाव चिकटून राहिले: बाणकोटी. याच मंडणगड तालुक्यात डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आहे, हेही येथे ध्यानात असू द्यावे. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

दक्षिणेस सरकले की आंजर्ले, हर्णै, आणि मग वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ. पंधराव्या-सोळाव्या शतकात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरचे एक मातबर बंदर होते. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी बहमनी राज्यात हिंडून झाल्यावर परतीच्या जहाजावर चढला तो दाभोळलाच. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याने हे बंदर जाळले. गाव पुन्हा उभे राहिले. सतराव्या शतकात आदिलशाही अमलात बांधलेली, समुद्राला टेकलेली तेथील मशीद त्याची साक्ष आहे. आज दाभोळ हे नाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते एन्रॉनमुळे. वस्तुतः तो वीजप्रकल्प दाभोळात नाहीच, तो खाडीपलीकडे गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलच्या बाजूला आहे. नाव तेवढे दाभोळचे घेतले. एन्रॉन ही ह्यूस्टनची, म्हणजे लुइझियानाच्या शेजारच्या राज्यातली कंपनी. खनिज तेल आणि वायूच्या व्यवसायाने ज्या भूभागाचा चेहरा बदलला, तेथून ती आपल्या खाडीवर आली आणि २००१ मध्ये बुडाली. प्रकल्प पुढे दुसऱ्यांनी चालवला. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या पर्वाचे महत्त्व एवढेच, की 'दाभोळ' हा शब्द त्यानंतर वर्तमानपत्रात आला की वाचकाच्या मनात बंदर येईनासे झाले.

येथे दळणवळणाविषयी थोडे बोलणे अपरिहार्य आहे, कारण कोकणातल्या संस्कृतीचा इतिहास हा वाहतुकीचा इतिहास आहे. जुन्या काळी ही गावे एकमेकांना रस्त्याने जोडलेली नव्हती. दर दहा-पंधरा मैलांवर एक खाडी आडवी. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना: प्रत्येकीच्या मुखाशी एक बंदर, आणि खाडीतून आत जिथवर भरतीचे पाणी चढते तिथे एक बाजारपेठ. बाहेर दाभोळ तर आत चिपळूण. बाहेर जयगड तर आत संगमेश्वर. बाहेर जैतापूर तर आत राजापूर. माल तेथे उतरे आणि घाट चढून देशावर जाई. राजापुरात इंग्रजांनी वखार घातली ती याच कारणाने, आणि शिवाजीमहाराजांनी १६६१ मध्ये ती लुटली तीही ती तितकी संपन्न होती म्हणून. पुढे आगबोटी आल्या. मुंबईची बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत जाई; बऱ्याच ठिकाणी ती खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या तिच्यापर्यंत पोहोचवल्या जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही वाहतूक थांबली. महामार्ग आणि १९९८ पासून पूर्ण लांबीने सुरू झालेली कोकण रेल्वे ही दोन्ही किनाऱ्यापासून आत, डोंगराच्या कुशीतून जातात. त्यामुळे जी गावे आजवर दारात होती ती परसात गेली. चिपळूण-संगमेश्वर तगली; बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर यांच्या वाट्याला निवांतपणा आला. अलीकडे दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटींनी मोटारी खाडी ओलांडतात आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जाण्याची जुनी रीत पर्यटकांसाठी का होईना परत आली आहे.

या प्रवासाला फाल्गुनात निघाले तर मात्र गावे निवांत नसतात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून बाहेर पडते आणि घरोघर जाते. एरवी माणसाने देवाकडे जायचे, या दिवसांत देव माणसाकडे येतो. याच सुमारास गुहागर, चिपळूण, दापोली, खेडच्या परिसरात खेळे निघतात. मृदंग, टाळ, पायघोळ झगे घातलेले गडी, स्त्रीवेष घेतलेली गोमू, आणि या सगळ्यांच्या पुढे संकासुर. अंगभर काळा पोशाख, चेहरा काळ्या कापडाने झाकलेला, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा आणि डोक्यावर उंच, निमुळती, शंकूसारखी टोपी. लहान मुले त्याला घाबरून आईच्या पदराआड जातात आणि आई त्याच मुलाला त्याच्या पायांवर घालते.

आता लुइझियानातल्या मामू, युनिस किंवा चर्च पॉइंट या गावांतली 'कूरिये द मार्दी ग्रा' पाहा. चाळीस दिवसांच्या उपवासाच्या आदल्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या माघ-फाल्गुनात, मुखवटे घातलेले स्वार गावाबाहेर पडतात. अंगात चिंध्यांचे रंगीत कपडे, डोक्यावर उंच निमुळती टोपी. त्यांचा नायक पांढरे निशाण घेऊन शेताच्या मालकाची परवानगी घेतो. मग हे सोंगाडे अंगणात नाचतात, याचनेचे गाणे म्हणतात आणि कोंबडी, तांदूळ जे मिळेल ते घेऊन पुढच्या घरी जातात. संध्याकाळी सगळ्याचे मिळून गंबो शिजते. या साम्याने कोणी हुरळून जाऊ नये. ऋतुबदलाच्या वेळी सोंगे घेऊन घरोघर मागत फिरणे ही चाल जगभर आढळते आणि टोपीचा आकार सारखा असल्यामुळे वंश एक ठरत नाही. लक्ष वेधून घेणारी गोष्ट वेगळी आहे. मामूचा हा उत्सव दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद पडला होता आणि १९५० च्या सुमारास तो पुन्हा जुळवण्यात आला. आज जे 'अनादि' म्हणून दाखवले जाते त्यातले पुष्कळसे एका पिढीने जाणीवपूर्वक सांधलेले आहे. आमच्या मते आपल्या जाखडीचा इतिहासही याच अंगाने वाचला पाहिजे.

जाखडी, अर्थात बाल्या नाच, हा गणपतीच्या दिवसांतला. मधे बसलेले गाणारे आणि ढोलकी, झांज वाजवणारे. त्यांच्याभोवती पायात घुंगरू बांधून फेर धरणारे तरुण. शक्तिवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष, म्हणजेच आपल्या शाहिरीतले कलगी आणि तुरा. एका बाजूने पुराणातला कूट प्रश्न टाकायचा, दुसऱ्या बाजूने त्याची उकल करून उलटा सवाल करायचा. रात्र रात्र हे चालते. शिव श्रेष्ठ की शक्ती, या वादाचे तत्त्वज्ञान घाटावरच्या शाहिरांच्या फडातून आलेले. ठेका आणि फेर कोकणातल्या शेतकऱ्याचा. 'बाल्या' हा शब्द मात्र मुंबईत घडला. कानात बाळी घालणारा कोकणी गडी म्हणजे बाल्या, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. तो शब्द गौरवाचा खचितच नव्हता.

येथे मुंबईचा संदर्भ केवळ आनुषंगिक नाही. खोतीच्या जमिनीवर राबून पोट भरेना, तेव्हा रत्नागिरीच्या कुणब्याने आणि महाराने आगबोट गाठली. (खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा कौन्सिलवर नेला. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या अधिनियमाने.) १९२१ च्या जनगणनेच्या वेळी मुंबई शहरातला जवळजवळ पाचवा हिस्सा त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. एकेका गावाची एकेक खोली, तीत पाळीपाळीने झोपणारे पंधरा-वीस गिरणी कामगार, आणि गावाच्या नावाचे मुंबईतले मंडळ. या खोल्यांत जाखडीच्या तालमी झाल्या, पक्षांचे गुरू-चेले ठरले, लालबाग-परळच्या वस्तीत सामने रंगले आणि गणपतीला गावी येताना चाकरमानी नव्या चाली बरोबर घेऊन आला. गावाने मुंबईला जितके दिले तितकेच मुंबईने गावाला परत पाठवले. तेव्हा 'अस्सल ग्रामीण कला' हे वर्णन जाखडीला पुरेसे लागू पडत नाही; ती निम्मी गिरणगावची आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाने या व्यवस्थेचा कणा मोडला. कला मेली नाही. ती कॅसेटवर गेली, मग व्हीसीडीवर, मग यूट्यूबवर. परळचे दामोदर नाट्यगृह हे कामगार रंगभूमीबरोबर कोकणच्या नमन-जाखडीचेही मुंबईतले घर. १९२२ मध्ये बांधलेले हे नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाले.

पुरुष मुंबईत होते तेव्हा गावे चालवली स्त्रियांनी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि २००१ मध्ये १६,९६,७७७ असलेली जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत १६,१५,०६९ वर आली होती. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आटत होता. नाचणी लावणाऱ्या, गुरे राखणाऱ्या, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या या स्त्रियांना नमनाच्या आणि जाखडीच्या रंगभूमीवर परंपरेने स्थान नव्हते; गवळण आणि गोमूसुद्धा पुरुषच. (महिलांचे नमन आणि जाखडीसंघ अलीकडे उभे राहिले, ही स्वागतार्ह गोष्ट.) पण बोली टिकली ती त्यांच्या तोंडी. चाकरमानी मुंबईची मराठी घेऊन येई, मुले शाळेतली मराठी घेऊन येत, आणि घरात त्यांना उत्तर मिळे ते बोलीत.

एका प्रवासात मात्र बोली मागे सुटली आणि फेर पुढे गेला. तो मॉरिशसचा. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर तिकडे नेले गेले. त्यांतले बहुसंख्य कलकत्ता आणि मद्रासमार्गे, आणि थोडे मुंबईमार्गे. या थोड्यांत रत्नागिरीची माणसे होती. कास्काव्हेल या गावी १८९६ मध्ये गणेशोत्सव सुरू झाल्याचे तेथील मराठी समाज सांगतो. गणपतीपुढे ही माणसे फेर धरून जे गातात-नाचतात त्याला ती 'झाकरी' म्हणतात. नावावरूनच आपली जाखडी ओळखू येते. १९९१ मध्ये जागतिक मराठी परिषद तेथे भरली तेव्हा इकडून गेलेल्यांना या 'झाकरी'चे अप्रूप वाटले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते, मराठी भाषकांच्या संस्था आहेत. परंतु बहुतेक मॉरिशसवासी मराठी घरांत रोजच्या बोलण्याची भाषा क्रिओल आहे, आणि ती क्रिओल फ्रेंचमधून घडलेली आहे! केजन माणसाची फ्रेंच निसटली आणि फिडल राहिले. रत्नागिरीच्या माणसाची बोली निसटली, तिच्या जागी एक फ्रेंचोद्भव भाषा येऊन बसली, आणि झाकरी राहिली. शब्दांचा अर्थ पुरता न कळताही गाणे शंभर वर्षे तगू शकते, हे लोकसाहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात घ्यावे. अर्थ हा गाण्याचा कणा असतो असे आपण वर्गात शिकवतो. झाकरी वेगळे सुचवते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे बोलीकडे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये आला. त्यात कोकणातल्या मराठीच्या अनेक रूपांबरोबर संगमेश्वरी आणि बाणकोटी यांची स्वतंत्र दखल आहे. या सर्वेक्षणात नमुन्यासाठी सर्वत्र एकच गोष्ट वापरली गेली: बायबलातली उधळ्या पुत्राची. घर सोडून दूर देशी गेलेला, तिकडे हाल सोसलेला आणि शेवटी परत आलेला मुलगा. भाषाशास्त्रज्ञांनी ही गोष्ट सोयीसाठी निवडली होती. पण ज्या जिल्ह्यातला निम्मा तरुण मुंबईच्या बोटीत बसला होता, तेथे ती वाचताना नमुना आणि वास्तव यांतले अंतर फारसे राहत नाही. त्यानंतर शतकभराने, २०१३ मध्ये, अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात मराठीच्या बोलींची पुन्हा नोंद झाली. दरम्यान संगमेश्वरीला स्वतःचे असे काय मिळाले? 'आम्ही जातो' याऐवजी 'आमी जाताव' म्हणणारा विद्यार्थी वर्गात उभा राहिला की बाकीचे हसतात, आणि हसणाऱ्यांतही निम्म्यांच्या घरी 'जाताव'च असते. येथे कोणी पाटीवर शंभर वेळा काही लिहायला लावत नाही. हसू पुरते.

खाडीकाठच्या कोकणी मुसलमानांच्या बाबतीत ही कथा आणखी एका वळणाने जाते. बाणकोट, दाभोळ, जैतापूर या बंदरांतल्या नाखव्यांची, खलाशांची ही वस्ती. त्यांची माणसे पूर्व आफ्रिका, केपटाउन आणि पुढे आखाती देश येथवर पोहोचली. केपटाउनमध्ये 'कोकणी' म्हणून ओळखला जाणारा समाज आजही आहे. त्यांच्या घरातली बोली ही कोकणी मराठीचेच एक रूप, अरबी-फारसी शब्दांनी समृद्ध झालेले. पण मुलांचे शिक्षण उर्दू माध्यमातून होऊ लागले, प्रतिष्ठेची भाषा उर्दू ठरली, आणि शेजारच्या हिंदू कुणब्याची बोली ज्या वेगाने प्रमाण मराठीपुढे मागे सरत होती त्याच वेगाने ही बोली उर्दूपुढे मागे सरली. एकाच बाजारात एकमेकांना विनासायास समजणारे दोन शेजारी आता दोन निरनिराळ्या प्रमाणभाषांत शिकतात.

'कोकणी संस्कृती' असे एकवचन वापरताना अशा कितीतरी गोष्टी झाकल्या जातात. शिमग्यातली पालखी कोणाच्या दारी आधी जाणार, कोण खांदा देणार, कोणाचा मान, यावरून गावे दुभंगतात, प्रकरणे न्यायालयात जातात. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध समाजाने परंपरेने लादलेली गावकामे नाकारली; त्या नकाराचाही कोकणच्या लोककलेच्या इतिहासात अंतर्भाव व्हायला हवा. लुइझियानातही 'केजन' हे लेबल पर्यटनाच्या बाजारात इतके चालले, की त्याच भूमीतल्या, तीच फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय क्रिओलांचा वाटा त्याखाली दिसेनासा झाला. क्लिफ्टन शेनियरचे झायडेको संगीत जगभर ऐकले गेले, तरी माहितीपत्रकांवर 'केजन प्रदेश' हेच छापले जाई.

साहित्याने या गावांचे काय केले? लॉंगफेलोने १८४७ मध्ये 'इव्हॅन्जेलिन' ही दीर्घ कविता लिहिली आणि अकेडियनांना एक काल्पनिक नायिका दिली. पुढे सेंट मार्टिनव्हिल या गावात त्या नायिकेचा वृक्ष दाखवला जाऊ लागला, तिचा पुतळाही उभा राहिला. आपल्याकडे श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'ने (१९५२) दापोलीच्या परिसराला असे कादंबरीतले गाव दिले, आणि 'तुंबाडचे खोत'ने (१९८७) खेडजवळच्या जगबुडी नदीला चार पिढ्यांचा इतिहास. ('तुंबाड' हे नाव २०१८ च्या हिंदी चित्रपटाने उचलले, कथा मात्र वेगळी.) पेंडशांच्या संवादांत बोलीचा हेल आहे, परंतु निवेदन प्रमाण मराठीत. तो त्यांच्या काळाचा संकेत होता आणि त्यात त्यांनी पुष्कळ साधले. प्रश्न असा, की त्यानंतर कोणी निवेदनच संगमेश्वरीत केले का? मालवणीला १९८० मध्ये 'वस्त्रहरण' मिळाले. गंगाराम गवाणकरांची लेखणी आणि मच्छिंद्र कांबळींचा आवाज यांनी एका बोलीला व्यावसायिक रंगभूमीवर उभे केले. गंमत म्हणजे गवाणकर मूळचे राजापूर तालुक्यातले, म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. संगमेश्वरीत अलीकडे 'कोकणचा साज संगमेश्वरी बाज'सारखे कार्यक्रम रंगले आणि लोकांनी ते उचलून धरले. तेही हसवणारेच. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या निमित्ताने महाविद्यालयांत झालेल्या भाषणांत ताम्रपट होते, गाथासप्तशती होती. बोली क्वचितच होत्या.

ही वाटणी खुद्द नमनातही आहे, आणि ती आम्हाला सर्वांत बोलकी वाटते. नमन, गण, गवळण आणि वग असा या खेळाचा क्रम. वगातला राजा, प्रधान, ऋषी हे प्रमाण मराठी बोलतात. जमेल तितकी संस्कृतप्रचुर आणि आता दूरदर्शनच्या पौराणिक मालिकांतून उचललेली. बोली बोलते ती गवळणीतली मावशी, पेंद्या, वगातला नोकर. शेजारच्या सिंधुदुर्गातल्या दशावतारात हे अधिकच ठसठशीतपणे दिसते. तेथे पूर्वरंगात येणारा संकासुर मालवणीत बोलून प्रेक्षकांना लोळवतो. पुराणातला शंखासुर हा वेद पळवून समुद्रात दडलेला दैत्य. म्हणजे लोकरंगभूमीने वेदांच्या चोराच्या तोंडी बोली घातली आणि देवांच्या तोंडी ग्रंथभाषा. रत्नागिरीतल्या शेतकऱ्याने मात्र त्याच चोराला आपल्या अंगणात बोलावले, त्याला नवस केले, आपले मूल त्याच्या पायांवर घातले.

नमनमंडळांच्या वह्या पाहिल्या तर त्यांत राजाची भाषणे शब्दन् शब्द उतरवलेली असतात. गण आणि गवळणीची पदेही असतात. मावशी येते त्या जागी बहुधा एवढेच लिहिलेले असते: मावशी व पेंद्या यांचा विनोद. पुढे ओळभर जागा कोरी सोडून राजा पुन्हा बोलू लागतो. ती कोरी ओळ नट दर रात्री नव्याने, समोर बसलेल्या गावाकडे बघून भरतो.